एकाच नावाचे दोघे

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एका गावात चर्चचा एक वडील होता. वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा ज्येष्ठ. सिंगापूरच्या विद्यापीठात मी तीन वर्षं त्याचं चरित्र लिहीत होते. पुण्याच्या बाईचा त्या माणसाशी काय संबंध, असं आई दर फोनला विचारायची. मला तो आवडायला लागला होता, एवढंच.

तो गावचे रस्ते बघायचा, भांडणांत पंच म्हणून बसायचा. प्रार्थनेला न येणाऱ्या एका विधवेला मंडळीतून काढायचं ठरलं, तेव्हा त्याने एकट्याने लेखी विरोध केला होता. गंमत म्हणजे तिला काढण्याच्या ठरावाखालीही त्याचंच नाव होतं. नाइलाजाने सही केली असणार, असं मी धरून चालले. त्या नाइलाजावर चांगली चार पानं लिहिली.

मग एकदा दोन्ही सह्या मोठ्या करून पाहिल्या. अक्षर वेगळं होतं.

त्या चर्चच्या जुन्या वह्या सांभाळणाऱ्या आजींना मी टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधून सकाळीच व्हिडिओ कॉल लावला. नवरा नुकताच कामावर जायला जुरोंग आयलंडच्या बसला गेला होता.

"दोघे होते ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "काका-पुतण्या. मंडळीचा वडील तो काका. विरोध केला पुतण्याने. नंतर तो गाव सोडून गेला."

"हे कुठेच लिहिलेलं कसं नाही?"

"आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. विचारलं कुणी नाही."

मी लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला घेतली. इतकी आदळआपट केली की मुलगी खोलीतून बाहेर आली. तिला सगळं सांगितलं.

"जस्ट चेंज द नेम लाह," ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली आणि शाळेला गेली.

माझ्या प्राध्यापकांचंही जवळपास तेच म्हणणं पडलं: पुतण्यावर लिही. पण पुतण्याचा त्या एका कागदापलीकडे मागमूस नव्हता. माझं कंत्राट संपायला चार महिने उरले होते, आणि त्याबरोबर इथे राहायचा पासही. शेवटी ती चार पानं काढून टाकली. विधवेला बाहेर काढणारा, रस्ते चोख ठेवणारा तो काकाच लिहून काढला. चरित्रातलं ते प्रकरण वेळेत गेलं. आता जास्त समतोल झालंय, असा प्राध्यापकांचा शेरा आला. त्याचाही मला रागच आला.