दोन टोपल्या

“मी एकच टोपली नेईन. तिसऱ्यांदा सांगून राह्यली,” मनकर्णाबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकर तिने इतक्या जोरात उलटली की ती काठाला फाटली.

“आन् धाकटा उपाशी राह्यला त?” तिचे यजमान बापूजी उंबऱ्यात उकिडवे बसले होते. मसणातून येऊन नुकतीच आंघोळ झालेली, डोक्यावरचं पाणी मानेवरून निथळत होतं. “आईले आग देऊन आला थो. त्याच्या पोटाचं पाप तू घेशीन?”

“एका घरचं मानूस गेलं. एका घराले एक टोपली.”

“एक घर? अवं, अंगनात भिंत घातली त्याले दोन महिने झाले. मसनात पाह्यलं ना मी. निंबाचा पाला चावाले मोठ्यानं इकडं तोंड केलं, धाकट्यानं तिकडं. दोघायचं टपाल मी दोघायच्या दारात टाकतो. तसंच हे.”

“हे टपाल नोहे.”

“बाबाचं बराबर हाय,” वरणात मीठ टाकता टाकता गंगा बोलली. सतरा वर्षांची पोर, न्यायाच्या बाबतीत फार कडक. “मधलं दार मोठ्यायच्या अंगनात उघडते. टोपली तिथंच उतरंन. मंग धाकट्यायनं का भिंतीवरून हात पसराचे?”

मनकर्णाबाईने चुलीत फुंकर घातली. चूल धुमसत होती, डोळे चुरचुरत होते. तिने फाटलेली भाकर बाजूला ठेवली आणि परातीत आणखी पीठ घेतलं.

शेजारच्या म्हाताऱ्या आनंदाबाई पहाटे गेल्या होत्या. मेलेल्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. मसणातून माणसं परत आली की शेजारून बिनफोडणीचं वरण आणि भाकर जाते, त्याला कडू घास म्हणतात. देवळीच्या त्या गल्लीत आनंदाबाईच्या घराचा कडू घास द्यायचा मान भिंतीला भिंत असलेल्या घराचा, म्हणजे मनकर्णाबाईचा होता.

भिंतीला भिंत म्हणायची, पण दोन्ही घरं सारखी नव्हती. पलीकडे बारा खणांचं घर, विहीर, गोठा, आनंदाबाईंच्या दोन मुलांचा, थोरले अण्णाजी आणि धाकटा चंद्रभान यांचा, कारभार. अलीकडे टपालवाल्या बापूजींच्या दोन खोल्या. मधल्या भिंतीत एक बुटकं दार होतं, बायकांना पाण्याला जायला-यायला. त्याची कडी पलीकडून होती. मनकर्णाबाई तळेगावहून लग्न होऊन आली त्याला बावीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत ती कडी दिवसा कधी लागलेली तिला आठवत नव्हती.

त्या घराचं सगळं तिला ठाऊक असे. आज तिकडे काय शिजलं, कोण रुसलं, अण्णाजींचा खोकला सुका आहे की ओला, चंद्रभान किती वाजता घरी आला. भिंतच अशी होती. जेवताना बापूजी म्हणत, “आज धाकट्यायकडं ताट आपटलं,” आणि सगळे कान देत. तिकडच्यांना मात्र इकडचं फारसं काही माहीत नसे. थोरली सून पंचफुलाबाई, जिच्याशी मनकर्णाबाईचं बहिणीसारखं होतं, तिनेही शेजाराच्या अठराव्या वर्षी विचारलं होतं, “तुह्या माहेरचं गाव कोनतं वं, मनकर्णे?” त्याआधी तिला सहा वेळा तरी सांगून झालं होतं. मनकर्णाबाईने सातव्यांदा सांगितलं. राग आला नाही. मोठ्या घराला सतरा कामं असतात.

आणि पंचफुला नुसती मोठ्या घरची नव्हती. त्रेसष्ट साली मनकर्णाबाईचा तीन वर्षांचा मुलगा तापाने गेला. त्या दुपारी पंचफुला त्या बुटक्या दारातून वाकून आली होती, हातात झाकलेली टोपली. घरात कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. तिने भाकर कुस्करली, वरणात कालवली आणि मनकर्णाबाईची हनुवटी धरून घास तोंडात घातला. “चावू नको. गिळ,” म्हणाली. “आज गिळाचं असते.” मनकर्णाबाईने गिळला. नंतरचा सारा महिना, तिला एकटं वाटू नये म्हणून, पंचफुला आपल्या घरचे तांदूळ तिच्या ओसरीवर आणून निवडत असे.

असं ते शेजारपण. आणि अठ्ठ्याहत्तर साली काँग्रेस फुटली.

तीस वर्षं त्या घरात एकच पक्ष, एकच टोपी. आता अण्णाजी जुन्या गायवासरू चिन्हाकडे राहिले आणि चंद्रभान पंजाकडे गेला. एकाच कौलावर दोन टोकांना दोन भोंगे लागले. एकाचं भाषण सुरू झालं की दुसरा आवाज वाढवी, आणि मनकर्णाबाईच्या घरी फळीवरच्या वाट्या थरथरत. म्हाताऱ्या आनंदाबाई दोघांना विचारत, “दोन्ही काँग्रेसच होय ना रे? मंग भांडून काऊन राह्यले?” मत मागायला दोघे भाऊ वेगवेगळे आले. बापूजींनी दोघांनाही हो म्हटलं. मनकर्णाबाईने दोघांनाही चहा दिला.

निकाल लागला, पंजाची मिरवणूक निघाली, गुलाल अण्णाजींच्या दारात मुद्दाम जास्त उधळला गेला. त्यावरून हातघाई झाली. आठ दिवसांत अंगणात छातीएवढी मातीची भिंत उभी राहिली, विहिरीच्या काठापर्यंत. दोन सुना विहिरीच्या दोन अंगांनी पाणी ओढू लागल्या.

भिंतीच्या अलीकडचं घर या दिवसांत थोडं ताठ झालं होतं. खोटं कशाला सांगायचं, मनकर्णाबाईही झाली होती. “आपल्याकडं असं नाई बाप्पा,” असं बापूजी रोज म्हणत आणि तिला बरं वाटे. दोन खोल्यांच्या घराजवळ मिरवण्यासारखं दुसरं काय होतं? पण पाण्याला गेलं की पंचफुलाचा उतरलेला चेहरा दिसे. ती म्हणे, “मनकर्णे, भिंत मातीचीच हाय. एक पावसाळा जाऊ दे.” मग घरी येऊन मनकर्णाबाईला त्या बरं वाटण्याची लाज वाटे.

त्या दुपारी शेवटी तिने दोन टोपल्या भरल्या. भाकरी मोजून सारख्या केल्या, वरण दोन गंजांत सारखं ओतलं, दोन्हींवर धुतलेली फडकी टाकली. गंगाला म्हणाली, “एक तू घे.” मग म्हणाली, “नको. दोन्ही मीच नेतो.” दोघांनाही तिच्याच हातून मिळावं म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा नको. आणि गल्लीनेही बघावं, हे घर कोणाच्या बाजूचं नाही. हेही मनात होतंच.

एक टोपली डोक्यावर, एक कमरेवर घेऊन ती बुटक्या दारातून वाकली.

बावीस वर्षं त्या घरातलं पानही हललं तरी तिला ऐकू येई. त्या दिवशी तिकडे कोणी मोठ्याने बोललंच नव्हतं, म्हणून तिला कळलं नव्हतं.

अण्णाजींच्या पडवीत पळसाच्या पत्रावळी एका रांगेत मांडल्या होत्या. रांगेच्या सुरुवातीला अण्णाजी. त्यांच्या शेजारी चंद्रभान, मान खाली, ओला पंचा खांद्यावर. पुढे दोन्ही घरची लेकरं मिसळून बसलेली. धाकटी सून सुमित्राबाई पाण्याचे गिलास ठेवत होती. पंचफुला खांबाला टेकून उभी होती. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर दोन महिन्यांत नसलेलं काहीतरी होतं. मनकर्णाबाईला पाहून ती पुढे आली. डोक्यावरची टोपली तिने उतरवून घेतली.

मग तिची नजर कमरेकडे गेली.

“हे कोनाचं होय?”

मनकर्णाबाईला काहीही म्हणता आलं असतं. भाकरी जास्त झाल्या, एकीत मावल्या नाहीत म्हणता आलं असतं. पुढे वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून तिने अशी वीस उत्तरं शोधून काढली. त्या वेळी तिने खरं सांगितलं.

“धाकट्यायचं.”

चंद्रभानने वर पाहिलं. आधी टोपलीकडे, मग भावाकडे. अण्णाजी पत्रावळीकडे बघत राहिले. त्यांनी नुसतं “बस रे” म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते म्हणाले नाहीत. शेजाऱ्यांसमोर म्हणायचं त्यांना जमलं नसेल.

“आमचा घास येगळा आला हाय,” चंद्रभान म्हणाला आणि उठला. “सुमित्रे, लेकरं उठव.”

लेकरं उठली. एक लहानगी उठेना, तिला दंडाला धरून उठवली. सुमित्राबाईने मनकर्णाबाईच्या कमरेवरची टोपली घेतली, तिच्याकडे न पाहता. भिंतीला वळसा घालून ती माणसं आपल्या बाजूला गेली. मध्येच पाच पत्रावळी रिकाम्या राहिल्या.

पंचफुलाने त्या उचलल्या. एकीवर एक ठेवल्या.

“दोन दिवसापासून पाय धरून राह्यली होती मी दोघायचे,” ती हळूच म्हणाली. “बुढी जिवंत होती तवापासून. आज बसले होते.” मग पत्रावळी सारख्या करून, “सोयऱ्यायनं केलं असतं त मी समजली असती. तुले त आमचं सगळं ठाव असते, मनकर्णे.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मनकर्णाबाई रिकाम्या हातांनी परत वाकून आली. तिच्यामागे कडी लागली.

दुसऱ्या दिवशीही लागलेलीच होती.

तेरव्या दोन झाल्या, एकाच दिवशी, भिंतीच्या दोन अंगांना. बापूजी दोन्हीकडे जेवून आले. मनकर्णाबाई एकीकडेही गेली नाही. पाणी ती चौकातल्या सरकारी विहिरीवरून आणू लागली. पंचफुला बाजारात दिसे, मान हलवी, गंगाचं विचारी. वाकडं एक अक्षर बोलत नसे. पावसाळा गेला. अंगणातली भिंत काही पडली नाही. तिला दिवाळीला चुना लावला.

दोन वर्षांनी, ऐंशी सालच्या निवडणुकीत अण्णाजीही पंजाकडे आले. का आले, ते बापूजींनी तीन प्रकारे समजावून सांगितलं. दोघे भाऊ एका जीपमध्ये बसून देवळीभर फिरले, गळ्यात हात घालून. निकालानंतर गडी समोरच्या दाराने पेढे घेऊन आला. पुडा कुठल्या भावाचा म्हणून सांगायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. “दोघायचे होय जी,” तो म्हणाला.

“घे,” बापूजी म्हणाले. “झाले एक. राजकारन असंच असते. आता त कडी उघडंन.”

मनकर्णाबाईने पेढा खाल्ला नाही. पुडा फळीवर ठेवला आणि मधल्या दाराशी गेली. पलीकडे कोणीतरी तांदूळ निवडत होतं, सुपाचा आवाज येत होता. तो हात तिच्या ओळखीचा होता. तिने दारावर दोनदा बोटं वाजवली. सूप थांबलं. बांगड्या वाजल्या, थोड्या जवळ आल्या, थांबल्या. मग बांगड्या लांब गेल्या, आणि सूप पुन्हा सुरू झालं, पण दुसऱ्या ओसरीवरून.

ती परत येऊन चुलीशी बसली.

बापूजींनी दाराच्या फटीवर हात धरून पाहिला. मग म्हणाले, “मी म्हंतो, बुजवूनच टाकू हे. थंडीत हवा येते. विटा लावून तिथं कोनाडा करू. गंगाले पाहाले पाव्हने आले त बरं दिसंन.”

“नाई.”

“अवं, पन उघडतच नाई त...”

“दार राहीन,” मनकर्णाबाई म्हणाली. भाकरीचं पीठ तिने परातीत सारखं केलं. आवाज चढवला नाही. “आन् आयकून ठेवा दोघंही. मी मेली त कडू घास त्याच दारातून आला पायजे, पंचफुलाबाईच्या हातचा. दुसऱ्या कोनाचा घ्याचा नाई. नाई आला त त्या दिवशी ह्या घरात कोनीच जेवाचं नाई.”

मग तिने गंगाला ताटं घ्यायला सांगितलं.