रघुनाथरावांची नशाबंदी

"नशेले दार उघडून दिलं, का घर तिचं झालं," हे वाक्य रघुनाथराव गुरुजी सकाळच्या चहासोबत म्हणत, दुपारच्या चहासोबत म्हणत आणि संध्याकाळच्या चहाची वाट पाहतानाही म्हणत. चहाला ते नशेत धरत नसत.

सौंसरच्या त्यांच्या नशाबंदी समितीचे अध्यक्ष तेच, सचिवही तेच. सभासदाची जागा बरीच वर्षं रिकामी होती, पण त्यानं काम कधी अडलं नाही. एकदा बोरगावात एका म्हातारीच्या अंगणात त्यांना गांजा दिसला. त्यांनी तो मुळासकट उपटून सायकलवर लादला आणि चौकीत नेऊन टाकला. हवालदारानं पान चावून पाहिलं. आंबट! अंबाडी होती. म्हातारी एवढंच म्हणाली, "गुरुजी, भाजीच खायची होती तं मांगायची होती."

गुरुजींनी पुढच्या भाषणात सांगितलं, की सावध माणसाच्या हातून थोडी अंबाडी जातेच.

मग बायको, शकुबाई, आजारी पडली. कर्करोग निघाला. नागपूरला केमो सुरू झाली. गाठ कमी होत होती म्हणे, पण तिच्यासोबत शकुबाईही कमी होत होती. घोटभर वरण पोटात टिकेना. उलटीच्या गोळ्या बदलून झाल्या. शेवटी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून नागपूरच्याच एका आयुर्वेदिक वैद्यबाईंनी भांगेच्या पानांच्या अर्काचे थेंब लिहून दिले. "यानं रोग जात नाही. मळमळ थांबली तर चार घास जातील. नाही थांबली तर बंद करू," असं त्यांनी साफ सांगितलं.

सून धनश्रीनं चिठ्ठी पुढे केली. गुरुजींनी विंचू पाहिल्यासारखा हात मागे घेतला.

"माह्या घरात भांग? लोक काय म्हणतीन?"

लोकांनी म्हणायला वेळ लावला नाही. शेजारचा हेमराज लगेच हजर झाला. शिवरात्रीला चौकात भांग घोटायचा मान याच हेमराजचा.

"बरं केलं गुरुजी. संस्काराचं घर आहे. भांग काय औषध होय?"

खाटेवरून शकुबाई बोलली, "काहून रे हेमराज, तू घोटली तं प्रसाद अन् डॉक्टरनं लिवली तं पाप? मांगच्या शिवरात्रीले विजेच्या खांबाले जावई समजून जेवाले कोण बसवून राहिलं होतं?"

"ते भक्तीत झालं, काकू."

"मंग मलेही येऊ दे थोडी भक्ती. नशा नाही पाहिजे मले. अर्धी भाकर पोटात राहिली पाहिजे."

हेमराजला दुकान आठवलं. तो गेला.

दुपारी गुरुजींनी स्वतः मऊ भात कालवला आणि तिला भरवला. त्यांचं मन राखायला तिनं तो गिळला. थोड्या वेळात सगळा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आला.

"तुमचा सदरा खराब केला जी म्या," ती ओशाळून म्हणाली.

त्यांनी तिचं तोंड पुसलं, सदरा बदलला.

"धनश्री, चिठ्ठी दे."

"मामाजी, मी जातो नं."

"बायको माही आहे."

आडगल्लीनं बसस्टँड जवळ होतं. तिकडून गेले असते तर कुणी पाहिलं नसतं. गुरुजी भर बाजारातून निघाले. पानठेल्यावरून हेमराजनं हाक मारली, "कुठं चालले गुरुजी?"

"नागपूरले. भांगीचं औषध आणाले!" कवायत घेतल्यासारखा त्यांचा आवाज चौकभर गेला.

हेमराजच्या बोटावरचा चुना बोटावरच राहिला. धनश्रीचा खांदा धरून शकुबाई ओट्यावर उभी होती. गुरुजी मुद्दाम सावकाश चालत होते, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत ती पाहत राहिली.