टपावरची फुलं

राहात्याच्या त्या पेंटरचं नाव मी कधी विचारलंच नाही. सगळे त्याला पेंटरच म्हणतात. वडिलांच्या जुन्या मोटारीच्या टपावर मला जाळीची नक्षी हवी होती. त्यासाठी खरी जाळी टपावर ताणून वरून रंग फवारतात आणि जाळी वाया जाते. आईनं क्रोशानं विणलेला टेबलक्लॉथ द्यायला माझं मन होईना.

"राहू द्या. आमच्या मंडळीनं इनलेला एक घरी हाय," पेंटर म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आला.

जाळी उचलताना तो कुणाला बोलू देत नसे. उचलली, तेव्हा किरमिजी टपावर पांढरी फुलं उमटली होती.

पुतणीच्या लग्नात गाडी मांडवाच्या दाराशी उभी केली. एका पाहुण्यानं विचारलं, "काम कुठून करून घेतलंत?"

"पुण्याहून," मी म्हणालो. पुणं म्हटलं की माणसं मान डोलावतात, एवढ्यासाठीच.

गाडीपलीकडे, मीच लग्नाला बोलावलेला पेंटर बायकोसोबत उभा होता.

"व्हय, पुन्याचंच काम हाय," तो पाहुण्याला म्हणाला.

त्याच्या बायकोचं बोट टपावरच्या एका फुलावर होतं. तिनं बोट हळूच काढून घेतलं.