गाळलेलं पान

जपानमधल्या इचिकावाला येऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा शहराच्या लायब्ररीतल्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. एका निवृत्त इतिहास-शिक्षकांना इंग्रजी वाचून दाखवणारं कोणीतरी हवं होतं, बुधवारी दुपारी. मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात, आणि माझं जपानी बोलण्यापुरतं बरं झालेलं. मी गेले.

सेन्सेई, तिथे शिक्षकांना असंच म्हणतात, ऐंशीच्या पुढचे. नजर जवळजवळ गेलेली. कितीतरी वर्षं ते एकाच माणसाचं चरित्र लिहीत होते: एकोणिसाव्या शतकातला, अमेरिकेतल्या एका राज्याचा गव्हर्नर. आधी तो वकील होता. गुलामीतून पळून आलेल्यांना त्याने घरात आसरा दिला, त्यांचे खटले लढवले, आणि गव्हर्नर झाल्यावर काळ्या सैनिकांना गोऱ्यांच्या बरोबरीने वागवावं म्हणून वरच्यांशी भांडला. तिकडच्या एका ग्रंथालयातून त्याच्या पत्रांच्या प्रती आल्या होत्या. मी एकेक पत्र वाचायची आणि जपानीत अर्थ सांगायची. त्यांच्या पत्नी सातूचा गार चहा ठेवून जायच्या.

एका बुधवारी वाचता वाचता माझी नजर पुढच्या पानावर गेली आणि मी थबकले. म्हातारपणी मित्राला लिहिलेलं पत्र होतं. वकिली नवी असताना आपण एका गुलाम-मालकाच्या बाजूने उभे राहिलो, खटला जिंकलो, आणि पळून आलेल्या माणसाला बेड्या घालून परत नेण्यात आलं, असं त्यात गव्हर्नराने स्वतःच लिहिलं होतं.

मी सेन्सेईंकडे पाहिलं. ते डोळे मिटून ऐकत होते, चेहऱ्यावर समाधान. मी हातातल्या पानाबरोबर तेही उलटलं आणि त्याच्या पुढचं वाचायला लागले.

आठवडाभर मला चैन पडेना. शेवटी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला वाचायला बोलावलंय. काय ऐकायचं ते त्यांना ठरवू दे ना."

पुढच्या बुधवारी मी बसायच्या आधीच बोलून टाकलं. एक पान गाळलं, मुद्दाम गाळलं, माफ करा.

सेन्सेई म्हणाले, "माहीत आहे. तुम्ही दोन कागद एकदम उलटलेत, तो आवाज मला आला. आज सांगाल असं वाटलं होतं."

मला रडू आलं, आणि त्याच वेळी छातीवरचा दगड उतरल्यासारखंही झालं. मग मी ते पान वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मग ते म्हणाले, "हा माणूस मला पहिल्यापासून फार चांगला वाटत होता. म्हणूनच कळत नव्हता. भरभराटीला आलेली वकिली सोडून तो लोकांच्या शिव्या खायला का गेला, याचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं. ते आज मिळालं." आणि ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या दिवशी त्यांनी मला पुस्तकाचा मजकूर सांगायला सुरुवात केली, मी तो कानावर पडेल तसा उतरवत गेले, आणि गावातल्या स्पीकरवरून रोज वाजणारी पाचची घंटा झाली तरी ते थांबेनात. मुलीला शाळेतून आणायला मी नवऱ्याला फोन केला.

परत नेलेल्या त्या माणसाचं नाव पत्रात नव्हतं. ते कोर्टाच्या कागदांत असणार, असं सेन्सेईंचं म्हणणं. त्यांच्या वतीने मी ग्रंथालयाला ईमेल केली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. आडनाव नाही, नुसतं नाव. मी ते वाचलं. सेन्सेईंनी ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, उच्चार त्यांच्या जिभेवर नीट बसेपर्यंत, आणि मग म्हणाले, "पहिल्या प्रकरणात हे घाला. गव्हर्नराच्या नावाच्या आधी."