दहा फुटांचं हसू

ट्रेव्हा मुलिन्स हसायची नाही असं नाही, पण फुकट हसायची नाही. खाणीच्या संपात नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून ती रस्त्यावर उभी राहिली, तेव्हा कंपनीचे भाडोत्री गुंडसुद्धा तिचं तोंड बघून बाजूला सरकले होते. आता खाण नाही, नवरा नाही, जिथे ती पोरांना जेवण रांधायची ती शाळाही नाही. केंटकीच्या त्या खोऱ्यात पगार देणारं एकच उरलं होतं: डोंगर कापून बांधलेलं महादुकान. एवढं अजस्र, की दूध आणायला गेलेला माणूस टायर घेऊन बाहेर यायचा.

आणि पगार तर हवाच होता. पोरगी नशेच्या गोळ्यांच्या नादात परागंदा झाली, सहा वर्षांची नात जोसी सरकारने उचलून परक्या घरी ठेवली. न्यायाधीश बाईंनी स्पष्टच सांगितलं, "आधी पक्की नोकरी दाखवा, मग नात न्या."

मुलाखत सोमवारी होती. शेजारची ओपल त्याच दुकानाच्या दारात लोकांचं स्वागत करता करता म्हातारी झालेली. शनिवारी सकाळीच ती तयारी करून घ्यायला आली.

"नियम एकच, ट्रेव्हा. दहा फुटांच्या आत कुणी आलं की डोळ्यांत बघायचं, हसायचं, बोलायचं."

"आणि मेला नालायक असला तर?"

"मग जास्त हसायचं. चल, दाखव."

ट्रेव्हाने दाखवलं.

"अगं बये, हे हसू आहे की दातदुखी? गिऱ्हाईक पोलीस बोलावेल!"

दोघी पोट धरून खिदळल्या. ट्रेव्हाचं हसणं थांबलं. ओपलचा आवाज थांबला, पण ओठ तसेच ताणलेले राहिले. ती चुलीशेजारच्या कोपऱ्याकडे बघत होती.

"या, स्वागत आहे. काय हवं?" ती कोपऱ्याला म्हणाली.

तिथे बादली होती, फडकं होतं. बाकी काही नाही.

"कुणाला म्हणालीस गं?"

"दहा फुटांच्या आत होतं."

"काय होतं?"

"ते नाही विचारायचं. आधी मीसुद्धा विचारायचे."

दुसरं कुणी असतं तर ट्रेव्हाने मानगूट धरून बाहेर काढलं असतं. पण जोसी डोळ्यांपुढे आली. ती आरशापुढे उभी राहून हसू घोटत राहिली. गाल दुखले, मग बधिर झाले, मग दुखेनासे झाले. बाईला दोन वेळचं देण्याआधी तिचा चेहरा भाड्याने मागायचा, ही कुठली रीत? विचारा कुणाला तरी. कुणी विचारत नाही, सगळ्यांना पगार हवा असतो.

रविवारी चर्चमध्ये एक नवी विधवा मुसमुसत शेजारी येऊन बसली. ट्रेव्हा तिच्या डोळ्यांत बघून रुंद हसत म्हणाली, "या, स्वागत आहे." ती बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली.

सोमवारी दुकानाच्या साहेबाने चार प्रश्न विचारले, संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता. ट्रेव्हा उत्तरं देत होती, आणि मध्येच तिला जाणवलं, साहेबाच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत दहा फुटांच्या आत काहीतरी आहे. तिच्या मानेवर काटा आला. तोंड मात्र आपोआप उघडलं, "या, स्वागत आहे. काय हवं?"

साहेब दचकला नाही. त्याने हळूच खुर्चीकडे वळून तसंच रुंद हसू केलं. "कामावर कधी येता?" त्याने विचारलं, तिच्याकडे न बघता.

पुढच्या भेटीला सरकारी बाई जोसीला घेऊन आली. पोर धावत सुटली, आणि खोलीच्या मध्यावर थबकली. ट्रेव्हाने गुडघे टेकून हात पसरले.

"या, स्वागत आहे."

जोसी बाईच्या पायांमागे लपली. "मॅमॉ कधी येणार?"

"अगं वेडे, हीच तर मॅमॉ, तुझी आजी! तिला नोकरी लागली. आता तू हिच्याच घरी राहायचं."

पोरीने बाईचा पाय घट्ट धरला आणि भोकाड पसरलं. ट्रेव्हाने दोन्ही हातांनी स्वतःचे ओठ खाली ओढले, जोर लावून ओढले. ते खाली येईनात.