आमचं व्हय

‘पाहुण्यांच्या खोलीतनं सोन्याची चेन गेली.’

‘व्हय साहेब.’

‘ती खोली सकाळी तू झाडलीस.’

‘व्हय साहेब.’

‘चेन तूच उचललीस.’

‘व्हय सा...’

जीभ तिथंच अडकली. पन उशीर झाला हुता. शिर्डीतल्या त्या हॉटेलच्या ऑफिसात मॅनेजरनं पेन उचललं हुतं.

मी चेन डोळ्यांनी बघितली बी नव्हती. मग व्हय कशाला म्हनले? आमच्यात मोठा मानूस बोलाय लागला की व्हय म्हनत ऱ्हायचं. मान खाली, हात पुढं. त्याचा अर्थ एवढाच, ऐकतीय, बोला तुमी. गप उभं ऱ्हायलं तर ‘लई माजली’ म्हनत्यात. माझी आई बागायतदाराच्या बांधावर जन्मभर असंच म्हनली. शिव्या घातल्या तरी व्हय.

आन् मॅनेजरला हे ठाऊक नव्हतं व्हय? तो बी श्रीगोंद्याकडचाच, आमच्या शेजारच्या गावच्या बागायतदाराचा पोरगा. असल्या बायांचं बोलनं ऐकतच मोठा झालेला. परमुलखाचा असता तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला समजलं न्हाई. ह्याला सगळं समजत हुतं, म्हनूनच त्यानं तसं इचारलं. माझ्या अंगाची आग आग झाली.

‘कबूल केलंस. ह्या दोघांनी ऐकलंय,’ तो म्हनला.

वॉचमन आन् माझ्यासंगं खोल्या झाडनारी बाई फरशीकडं बघत ऱ्हायले. त्यांना बी पोट हाय. काय म्हनू त्यांना?

त्यानं कागद सरकवला. ‘सही कर आन् गुमान घरी जा. न्हाईतर पोलीस.’

मी सातवी शिकलीय. वाचलं. ‘चेन मी चोरली’, खाली माझं नाव. रडू आलं, ते आवरलं न्हाई. तरी तोंडातनं निघालं, ‘न्हाई.’

‘आत्ता तर व्हय म्हनलीस!’

‘तुमचं ऐकत हुते म्हनून म्हनले. चोरी केली न्हाई. बोलवा पोलीस.’

पोलीस आले. दिवसभर चौकीत बसवलं. माझ्याकडं काय सापडनार? सोडलं. पन काम गेलं. दुसऱ्या हॉटेलात गेलं की माझ्याआधी मॅनेजरचा फोन पोचतो. गावात अजून म्हनत्यात, तिनं सोताच्या तोंडानं कबूल केलंतं. कुनाकुनाला समजावू?

परवा त्यानं वॉचमनला माझ्या घरी धाडलं. आता तरी सही कर म्हनं, दुसरीकडं काम लावून देतो.

चूल दोन दिस धड पेटली नव्हती. तरी दारातच सांगितलं, ‘चोर लिहायचं तर सोताच्या सहीनं लिही म्हनावं. उपाशी मरीन, पन माझी मिळायची न्हाई.’