अकराव्या मजल्यावरची शांतता

भिकन पाटील शिरपूरकडून सुरतेला आला तो थेट कडोदऱ्याच्या लूमवर. वीस-बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेली. घरी आल्यावरही कानात धोटा फिरतच राहायचा. गोडादऱ्याच्या भाड्याच्या खोलीत बायको नूतन साड्यांना टिकल्या चिकटवत बसायची. तिच्याशी बोलताना आपण ओरडतोय, हे त्याला कळायचंही नाही.

एका रविवारी दोघं नव्या टॉवरमधला फ्लॅट पाहायला गेली. अकराव्या मजल्यावर विक्रीवाल्या माणसाने काचेचं दार सरकवून बंद केलं, आणि भिकन जागीच थबकला. खालून रस्ता वाहत होता, पण मुका. मावळतीला, हजीऱ्याकडे आकाशाची कड तांबूस झाली होती. नूतन काहीतरी पुटपुटली आणि ते त्याला ऐकू आलं.

मग कितीतरी दिवस तो तिथेच राहत असल्यासारखा वावरला. तुटलेला धागा गाठताना काचेपलीकडचे ढग दिसत. झोपेत तो त्या गॅलरीत उभा असे आणि सगळं शहर पिंजलेल्या कापसासारखं त्याच्या पायाखालून तरंगत जाई.

कर्जाचा हप्ता ओढूनताणून बसत होता. घोडं अडलं ते मेन्टेनन्सपाशी. लिफ्ट, पहारेकरी, बाग, क्लब, पोहायचा तलाव, सगळ्याचे मिळून महिन्याला जवळजवळ त्यांच्या खोलीच्या भाड्याएवढे.

"आम्ही तलावात उतरणारच नाही. मग?" भिकनने विचारलं.

"उतरा, नका उतरू, द्यावे तर लागणार ना, काका," विक्रीवाला हसून म्हणाला.

तिथल्याच शेजारच्या टॉवरमध्ये धुळ्याच्या निवृत्त शिक्षिका मालतीबाई राहत. नूतन त्यांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. त्यांनी एका संध्याकाळी दोघांना बोलावलं आणि तलावाच्या काठाशी बसवलं. पाण्यातले दिवे लागले तसं पाणी निळं उजळलं. नूतनने चपला काढून पाय आत सोडले.

"बाई, परवडतं का हो?" भिकनने विचारलं.

"सोय आहे, खोटं का बोलू? लिफ्ट कधी बंद नसते," मालतीबाई म्हणाल्या. "पण मी इथं आले तेव्हापेक्षा मेन्टेनन्सचा आकडा आता बराच वाढलाय. पेन्शन आहे म्हणून चालतं. तुमचं काम बंद पडलं, तरी तो थांबणार नाही."

परतताना रिक्षात नूतन हळूच म्हणाली, "हप्ता तं कव्हय ना कव्हय सरी. हाऊ खर्च सराव नही."

"तुले पाणी आवडनं व्हतं ना?"

"आवडनं. पन रोज तेन्हाच घोर लागी."

भिकनने मान डोलावली. हप्ता कधी ना कधी संपतो, हा खर्च संपायचा नाही, हे त्यालाही पटलं होतं.

वर्षभराने त्यांनी डिंडोलीकडे साधी नवी इमारत पाहून दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. लिफ्ट नाही. पाण्याची मोटर आणि जिन्याची झाडलोट, एवढाच सामायिक खर्च. आगगाडी गेली की खिडकी थरथरते. कधी कामावरून येताना उंच काचांवर ऊन चमकलेलं दिसलं, की भिकन सायकल थांबवतो, जरा वेळ वर बघत राहतो. घरी नूतन शेजारणीबरोबर जिन्यात बसून लसूण सोलत असते. तो आला की दोघी हसत अंग चोरून त्याला वाट देतात.